टॉवेलाखालचा माळ

संपादकांचा निरोप आला, "धंद्यातले अनुभव लिहा, फक्त कडवट नको, दिवाळी आहे." मी कळवलं, मग एखाद्या मिठाईवाल्याकडून लिहून घ्या. त्यावर ते म्हणाले, बरं, येईल तसं द्या. तर हे आलं तसं आहे.

मी जनावरांचा व्यापारी. आमच्याकडं त्याला हेडी म्हणतात आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. बारामतीचा बाजार, इंदापूरचा बाजार आणि मधली गावं, एवढ्यात माझं आयुष्य गेलं. या धंद्यातही वरचे आणि खालचे आहेत. कोणी दुभत्या गाई-म्हशी विकतो, कोणी औताचे बैल. त्यांना लोक ओसरीवर बसवून चहा देतात. मी राहिलेल्या जनावरांचा व्यापारी. म्हातारे बैल, रेडे आणि संकरित गाईंचे मोठे झालेले गोऱ्हे. ती कुठं जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मीच सांगतो, कापायला जातात. तेव्हाच्या कायद्यानं गाय कापायची नाही, वासरू कापायचं नाही. निकामी बैल आणि रेडा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला घेऊन चालायचा. मी दाखल्याशिवाय एक शेपूटही गाडीत चढवली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याबद्दल पुष्कळ काही बोललं गेलं आहे.

मला लिहायचं आहे ते एका माळाबद्दल आणि त्याच्या पायथ्याच्या एका विहिरीबद्दल. त्या दोन्हींचं जे झालं त्याचा दोष आमच्या वाडीनं एकट्या माझ्या अंगावर टाकला. ते मला तेव्हा मान्य नव्हतं आणि आजही नाही.

पण आधी धंदा समजून घ्या.

नव्वदच्या पुढं आमच्या भागात दुधाचा जोर होता. पणदऱ्यापासून अंथुर्ण्यापर्यंत ज्याच्या रानात पाणी त्याच्या दारात संकरित गाय. गाय व्याली आणि कालवड झाली तर पेढे. गोऱ्हा झाला तर घर गप्प. देशी गाईचा गोऱ्हा मोठा झाला की त्याचा बैल होतो. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसतं, मानेवर जू बसत नाही आणि उन्हात घटकाभर चालवला की जीभ बाहेर काढतो. त्यात ट्रॅक्टर आले, म्हणजे देशी बैलाचंही काम गेलं. मग या गोऱ्ह्याचं करायचं काय? कोणी त्याला दूध तोडून दाव्याला वाळवायचं, कोणी थोडा वाढवून मला विकायचं. तुमच्या सकाळच्या चहात जे दूध असतं त्याच्या मागं असा एक गोऱ्हा उभा असतो. डेअरीत दुधाची फॅट मोजतात. गोऱ्ह्याची चौकशी कोणी करत नाही.

विकताना मालक दावं देत नाही. जनावर जातं, दावं सोडून घरात ठेवतात. दाव्याबरोबर घरची बरकत जाते असं मानतात. म्हणून माझ्या टेम्पोत सुंभाच्या नव्या दोऱ्यांचं भेंडोळं कायम पडलेलं असे.

पणदऱ्यात एक म्हातारी होती. तिच्याकडं दोन गाई, आणि नशीब असं की दर वेताला गोऱ्हा. मी गेलो की ती गोऱ्ह्याच्या कपाळाला हळदकुंकू लावायची, दावं सोडून हातात गुंडाळायची आणि विचारायची, "सुदामा, चांगल्या घरी देशील न्हवं?"

"व्हय आजी."

"शेत हाय का त्यांचं?"

"चिक्कार हाय."

दर खेपेला हेच. एकदा माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी म्हणालो, "आजी, बिगर वशिंडाच्या गोऱ्ह्यावर कोण शेती करतंय? तुमास्नी कळत न्हाय व्हय?"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "मला समदं कळतंय. तू नुसतं व्हय म्हन, म्हंजी मी घरात जाती."

मी व्हय म्हणालो. ती घरात गेली. एवढं सरळ गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

बाकीचे आमच्या सरपंचांसारखे. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांच्या गोठ्यात आठ-दहा संकरित गाई. त्यांचा निरोप ठरलेला असे, दुपारी ये, गल्ली निजलेली असती तवा, आणि मागच्या दारानं ये. मी मागच्या दारानं जायचो. आबा गोऱ्ह्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि हात मागं करून दावं मागायचे. गेलेल्या जनावराकडं त्यांनी कधी पाहिलं नाही. भाव मात्र पैपर्यंत ताणायचे.

भाव करायची आमची पद्धत बाहेरच्या माणसाला गंमत वाटते. आम्ही बोलत नाही. एकानं टॉवेल काढायचा, दोघांनी आपापला उजवा हात त्याखाली घालायचा आणि बोटं धरून भाव सांगायचा. दोन बोटं धरली की दोन, सगळा पंजा दाबला की पाच. शेकडा की हजार ते जनावर बघून कळतं. तोंडानं हवापाण्याचं बोलत राहायचं. शेजारी उभा असलेल्याला काही कळत नाही, म्हणून विकणाऱ्याची अडचण चव्हाट्यावर येत नाही आणि घेणाऱ्याचा मूर्खपणाही. यात एक नियम आहे. सौदा मोडायचा तर टॉवेलाखाली दुसऱ्याच्या हाताची मूठ बंद करून द्यायची, म्हणजे राम राम. हात हिसकायचा नाही. हात हिसकणं म्हणजे बाजारात थोबाडीत मारणं. मी भांडखोर माणूस. चहाचे पेले फेकलेत, व्यापाऱ्यांच्या गचांड्या धरल्यात. पण टॉवेलाखालून हात हिसकला तो आयुष्यात एकदाच. त्याचंच हे सगळं.

ज्या पुण्याच्या शेठला मी माल देत होतो त्याची मागणी त्या सुमारास बदलली. मांस परदेशात जायला लागलं होतं. त्यानं सांगितलं, हाडं आणू नको, भरलेलं जनावर आण, वजनावर घेतो. भरलेलं जनावर म्हणजे गोऱ्हा पाच-सहा महिने ठेवून चारायचा. उसाचं वाढं, कडबा, पेंड विकत घेऊन चारला तर नफा त्याच्याच पोटात जातो. मी हिशेबाला पक्का. जनावराचं मांस, कातडं, हाडं, शेण, सगळं मी भावात धरायचो. गवत फुकट मिळालं तरच हे जमणार होतं.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला गायरानाचा माळ आहे. मुरमाड, वर वीतभर माती. ग्रामपंचायत तिथल्या गवताचा दर साली लिलाव करी. दसऱ्यानंतर, बी गळून पडल्यावर, घेणाऱ्यानं कापून न्यायचं, मग धनगरांच्या मेंढ्या फिरायच्या, अशी जुनी वहिवाट. लिलावाच्या कागदात मात्र नुसतं गवत लिहिलेलं असायचं. कधी कापायचं, कापायचं की चारायचं, यातलं काही नव्हतं. ही फट मी शोधली. आबांना जाऊन म्हणालो, गवत मी घेतो, उभंच चारायला घेतो. आबांच्या डाळिंबाला शेणखत हवं होतं. माळावर मी जनावरांचा तळ टाकणार होतो, तिथून ते त्यांना मिळणार होतं. आम्ही टॉवेलाखाली ठरवलं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

आता विहिरीचं सांगतो. माळाच्या पायथ्याला ओढा आहे आणि ओढ्याच्या काठी वाडीची प्यायच्या पाण्याची विहीर. माळावर पडलेला पाऊस गवतात मुरायचा आणि मुरमातून झिरपत त्या विहिरीत यायचा. चैतात आसपासच्या विहिरी तळ दाखवायच्या, पण हिला पोहरा बुडेल एवढं पाणी असायचंच. त्या पाण्याला हात लावायची आमच्या वस्तीला बंदी होती. आम्ही वाडीच्या खालच्या अंगाला राहायचो. आमचा आजा गावची मेलेली जनावरं ओढून माळावर न्यायचा. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी ते काम टाकलं आणि पुढं माझ्या बापानं त्या विहिरीत पोहरा सोडला. त्या दिवशी त्याला काठावर मारलं. कपाळावर खोक पडली ती शेवटपर्यंत होती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. वस्तीतली चार माणसं सोबत होती. मग तिसऱ्या दिवशी. असं करत ती विहीर सगळ्यांची झाली. मी जनावरांच्या धंद्यात पडलो तेव्हा बाप माझ्याशी वर्षभर बोलला नाही. म्हणायचा, आम्ही मेलेलं ओढायचं सोडलं आणि तू जितं ओढायला लागलास. मी म्हणायचो, तुम्ही फुकट ओढत होता, मी भाव करून ओढतो. आमचं त्यावर कधी मिटलं नाही.

पहिल्या साली माळानं माझी शंभरावर जनावरं पोसली. शेठ खूश, आबा खूश. मी दुसरा टेम्पो घेतला. वाडीतली निम्मी घरं आपली गोऱ्ही मला थेट माळावर आणून द्यायला लागली. मागच्या दाराची गरज उरली नाही.

दुसऱ्या साली माळ बदलला. उन्हाळाभर जनावरं तिथंच होती. माळावरची हरणं आधी गेली. त्याकडं माझं लक्ष नव्हतं. वळीव पडल्यावर जी हिरवळ फुटली ती जनावरांनी बोटभर व्हायच्या आत खाल्ली. बैल आणि रेडा जीभ गुंडाळून गवत ओढतो. माती भुसभुशीत झालेली असली की मुळासकट निघतं. खुरांनी उरलेल्या जागी जमीन अशी चोपली गेली की पाणी टाकलं तर पळत सुटायचं. तळाच्या भोवती तर पायवाटाच पायवाटा, त्यात शेण आणि मूत. तरवड तेवढा उभा होता, कारण त्याला जनावर तोंड लावत नाही.

आमच्या वाडीत मल्हारी तात्या म्हणून एक धनगर होते. शंभरभर मेंढरं, एक मुलगा, एक सून. बोलायला कमी. पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी ते तळावर आले. माझी दोन माणसं जनावरं सोडत होती. तात्या उकिडवे बसले, बराच वेळ जमिनीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "सुदामा, टॉवेल काढ."

मी हसलो. "तात्या, मेंढरं मी घेत न्हाय."

"मेंढरं कोन इकतंय? माळाचा सौदा करू."

"माळ तुमचा हाय व्हय?"

"तुजाबी न्हाय. म्हून तर टॉवेल म्हनतो. उघड्यावर बोललं तर भांडान हुईल, आन तू तर लगी पेटतोस."

मला मजा वाटली. मी टॉवेल काढून हातावर टाकला. तात्यांचा हात खाली आला, खरखरीत, थंड. त्यांनी माझी दोन बोटं धरली.

"यवढीच ठिव," ते म्हणाले. "एक बोट म्हंजी धा. बाकीची खाली न्हे. दसऱ्यापातुर. पवन्याला न् मारवेलाला एकडाव बी धरू दे. बी पडलं की आन परत."

पवन्या आणि मारवेल ही त्या माळावरची चांगली गवतं. मला तेव्हा नावं माहीत होती, त्यांचा उपयोग माहीत नव्हता.

मी त्यांचा पूर्ण पंजा दाबला, आणि परत एकदा दाबला. शंभर. ते हसले नाहीत. त्यांनी तीन बोटं धरली. मी म्हणालो, "यंदा पाऊस बरा दिसतोय," आणि आठवर आलो. ते म्हणाले, "व्हय, वारं सुटलंय," आणि तीनवरच राहिले. मला घासाघीस करायची सवय. समोरचा पैशासाठी घासत नसेल तर त्याच्याशी कसं घासायचं हे मला कळेना, आणि तरी ते मला आवडत होतं. मी सातवर आलो, मग सहावर. ते चारवर चढले. मी पाचवर आलो. पन्नास जनावरं. एक बोटाचं अंतर उरलं. अजून थोडं थांबलो असतो तर मी मानलं असतं. शेठची पुढची गाडी जरा हलकी गेली असती, एवढंच.

तेवढ्यात तात्या म्हणाले, "तुजा आजा असता तर त्यानं जनावरं ह्या अंगाला आणली नसती."

माझी माणसं ऐकत होती. त्यातला एक तोंड फिरवून हसला.

मी हात हिसकला. टॉवेल खाली पडला. मी काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आजा काढलात, म्हणालो, आजा काढल्याशिवाय तुमच्या जिभेला चवच येत न्हाय. तुमची मेंढरं माळावर दिसली तर पाय मोडीन. तात्या उठले. त्यांनी टॉवेल उचलून झटकला आणि दगडावर ठेवला. "मी पान्याचं बोलत हुतो," एवढं म्हणाले आणि गेले.

मला विचाराल तर मी ते दुसरं कसं ऐकायला हवं होतं? आजा, बाप, तुमच्यातला कोण काय ओढायचा, हे शब्द आमच्या वस्तीनं शंभर वेळा ऐकलेत आणि त्यातल्या एकाही वेळी कोणी पाण्याचं बोलत नव्हतं. माणूस ज्या शब्दांनी भाजला तेच शब्द पुन्हा आले की तो हात मागं घेतो. कोणत्या मनानं बोलले ते बघायला थांबत नाही. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. लता भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "तुमचा आजा ढोरं कुठं टाकायचा?"

"माळावर."

"माळावर कुठं?"

मला उत्तर माहीत होतं. बापानं लहानपणी जागा दाखवली होती. माळाच्या पलीकडच्या उताराला, तिथलं पाणी विहिरीकडं न येता दुसऱ्या नाळीनं वाहून जातं. अलीकडच्या अंगाला, विहिरीच्या डोक्यावर, आजानं एक हाड पडू दिलं नव्हतं. त्याला त्या विहिरीचं पाणी प्यायला मिळत नव्हतं तरी. मी लताला म्हणालो, गप्प भाकरी कर.

जनावरं तिथंच राहिली.

आमच्याकडं मोठा पाऊस शेवटीच येतो. त्या साली हस्तात एका दुपारी आला आणि दोन तास ओतला. मी तळावरच्या पत्र्याखाली उभा होतो. माळ पाणी प्यालाच नाही. सगळा उतार एकदम हलायला लागल्यासारखं पाणी निघालं, तपकिरी, शेणाच्या फेसाचं. ते ओढ्याच्या दिशेनं गेलं, वाटेत वाडीची सकाळी टमरेल घेऊन बसायची पट्टी होती, तिच्यावरून गेलं, आणि विहिरीचा काठ बुटका होता, त्याच्यावरून आत पडलं. इतकी वर्षं ओढ्याला पूर आला तरी पाणी काठावरून आत पडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. लोक दोन-तीन दिवस गढूळ पाणी फडक्यातून गाळून प्याले. मग ते निवळलं. निवळलेलं पाणी चांगलं असतं, असा सगळ्यांचा समज.

दिवाळीच्या सुमाराला डोळे पिवळे व्हायला लागले. आधी शाळेतली पोरं, मग बाप्ये. आमच्या वस्तीत चार, वरच्या आळीत जास्त. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले, विहिरीत पावडर टाकली, पाणी उकळून प्या म्हणाले. बहुतेक सगळे हळूहळू उठले. तात्यांची सून हिरा उठली नाही. तिला आठवा महिना होता. डॉक्टर म्हणाले, पोटुशी बाईला ही कावीळ वाईट, आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या.

वाडीत गाडी माझ्याकडंच होती. तात्यांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. मी टेम्पो धुतला, मागं कडबा पसरला, त्यावर लतानं घरातल्या गोधड्या टाकल्या. धुऊनही वास जात नव्हता. हिराला उचलून ठेवली. तात्या तिचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसले, मुलगा पायाशी. केबिनच्या मागच्या जाळीतून मला सगळं ऐकू येत होतं. तिचं भान येत-जात होतं. एकदा स्पष्ट म्हणाली, "मामा, ही तर गोऱ्ह्यांची गाडी."

तात्या म्हणाले, "व्हय पोरी. गाडीच हाय ती. नीज."

सणसरच्या पुढं कुठंतरी तिचं बोलणं थांबलं. बारामतीच्या दवाखान्यात ती दुसऱ्या दिवसापर्यंत होती. मूल आधीच गेलं होतं. परत आणतानाही माझाच टेम्पो.

त्यानंतर ग्रामसभा झाली. देवळापुढं सगळी वाडी जमली होती, आमची वस्तीही, आणि वस्तीतली माणसं मला जागा द्यायला सरकली नाहीत. हे मला जास्त लागलं. एक म्हातारा, जो माझ्या बापाबरोबर त्या विहिरीवर गेला होता, मला म्हणाला, "तुज्या बापानं ती हीर घिऊन दिली, आन तू काय केलंस रं सुदामा?"

आबा उभे राहिले. म्हणाले, गायरान नासलं, पाणी नासलं, एक बाई गेली. "कितीबी कपडे बदला," ते म्हणाले, "शेवटी बापजाद्याचंच काम हातात येतंय."

मी त्यांच्यापुढचं टेबल उलटं केलं. म्हणालो, "आबा, तुमच्या दावणीची गोऱ्ही कुठं गेली ते सांगा. किती दावी टांगलीत गोठ्यात, आना हितं. माजं शेण कुणाच्या डाळिंबाला गेलं? हितं बसलेल्यांत ज्यानं मला जनावर इकलं न्हाय त्यानं हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही. कोणी मान्यही केलं नाही. बायका खाली बघत होत्या, बाप्ये लांब कुठंतरी.

मी डॉक्टरांना पुढं बोलावलं. मला त्यांनी आधी सांगितलं होतं ते सगळ्यांपुढं सांगायला लावलं. ही कावीळ माणसाच्या घाणीतून येते, जनावराच्या शेणातून नाही. "ऐकलं का?" मी म्हणालो. "तुमी बसता तितली घाण तुमीच प्यालात. माजं जनावर ह्यात कुठं हाय?"

डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे. ते म्हणाले, "पण ती घाण विहिरीत गेली कशी? आधीच्या पावसात असं पाणी येत होतं का?"

याचं उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस तिथं होता. तात्या मागं भिंतीला टेकून बसले होते, घोंगडी खांद्यावर. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होतो. ते बोलले असते तर मी त्यांच्याशी भांडलो असतो, माझ्याकडं उत्तरं तयार होती. ते उठून मेंढरांकडं गेले.

आठ दिवसांत तळ उठवायचा ठराव झाला. मी उठवला. गायरानाचा लिलाव करणारे आबा पुढच्या निवडणुकीत परत सरपंच झाले. त्यांच्या डाळिंबाला माझं खत चांगलं लागलं होतं. संकरित गाई वाडीत वाढल्याच, आणि त्यांची गोऱ्ही दुसरा व्यापारी नेऊ लागला, मागच्या दारानं. माझं म्हणणं एवढंच आहे. दूध सगळ्यांनी प्यायचं, पैसे सगळ्यांनी घ्यायचे आणि माळ मात्र एकट्या सुदामानं खाल्ला. हा कुठला हिशेब?

त्या माळावर पुढं वन खात्यानं चर खणले, झाडं लावली. त्यातली निम्मी वाळली. गवतांतली हलकी कुसळी तेवढी परत आली आहे. ती कुठंही येते. पवन्या मी मुद्दाम जाऊन शोधला, दिसला नाही. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. पाणी नळानं येतं, नाही आलं तर टँकरनं. माझ्या बापानं ज्या काठावर मार खाल्ला तिथं पोरं क्रिकेटचे स्टंप रोवतात, कारण जागा सपाट आहे.

तळ उठला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तात्या बारामतीच्या बाजारात दिसले. सगळी मेंढरं घेऊन आले होते. माळावर चारायला काही उरलं नव्हतं. मुलगा लोणी देवकरला कारखान्यात लागणार होता. बाजार पडलेला होता. दुष्काळी भागातून मेंढरं फार आली होती आणि खाटीक निम्म्या भावानं मागत होते. मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापार कधी केला नव्हता. तरी गेलो. एका मेंढराच्या पाठीवर हात फिरवला. अंगात काही नव्हतं.

"तात्या," मी म्हणालो, "समदी मी घेतो." आणि टॉवेल काढून हातावर टाकला, हात पुढं केला.

ते टॉवेलाकडं बघत राहिले. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं होती, सगळी मला ओळखणारी.

"उघड्यावर बोल, सुदामा," ते म्हणाले.

"तात्या, उघड्यावर आपन बोलतो व्हय कधी?"

"मी बोलतो." आणि त्यांनी भाव सांगितला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. रास्त भाव होता, एक पैसा चढा नाही. त्या दिवशी तो भाव त्यांना कोणीच दिला नसता.

मी आयुष्यात एकही सौदा घासल्याशिवाय केलेला नाही. तोंडात शब्द आले होते. मी म्हणालो, "बरं."

तात्या वाकले. पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी सोडून त्यांनी खिशात टाकली आणि मेंढरांकडं न बघता बाजाराच्या फाटकाकडं चालायला लागले. माणसं पांगली. मी तिथंच उभा होतो. टॉवेल हातावर तसाच होता, आणि त्याच्याखाली माझा एकट्याचा हात.